ते छायाचित्र कोणत्या पानावर होते? : १९५२ च्या एका पुस्तकाची गोष्ट

१/
एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. मागे तंबू. पुढे मोकळ्या मैदानात काही पुरुष हात फैलावून, अंग झोकून देऊन हालचाली करत आहेत. साल १९४७. गेल्या वर्षी विभागातल्या एका सादरीकरणात मी हे छायाचित्र पडद्यावर दाखवले आणि वर मथळा दिला : ‘स्वातंत्र्याचा आनंद’. मागच्या बाकावरून सरांनी शांतपणे विचारले, “यांना आनंद कशाचा झाला आहे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

२/
ते छायाचित्र कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीतले होते. फाळणीत घरदार गमावलेली ती माणसे अंगातली मरगळ आणि मनातली निराशा झटकण्यासाठी व्यायाम करत होती. छायाचित्रकार होते आँरी कार्तिए-ब्रेसाँ. चूक सर्वस्वी माझीच होती. पण हे चित्र आपल्या माहितीपासून इतके सुटे कसे झाले, याचा शोध घेताना मी १९५२ साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका पुस्तकापर्यंत पोहोचलो. आजचा थ्रेड त्या पुस्तकाविषयी आहे. त्यातल्या चित्रांइतकाच त्याच्या आकाराविषयी, कागदाविषयी, मुखपृष्ठाविषयी आणि नावाविषयी.

३/
आधी माणसाची ओळख. कार्तिए-ब्रेसाँ यांचा जन्म १९०८ चा, फ्रान्समधला. तरुणपणी ते आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकले. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या हाती लायका हा लहानसा कॅमेरा आला. कोटाच्या खिशात मावणारा, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा हा कॅमेरा रस्त्यावर कुणाच्या लक्षात न येता वापरता येत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ते जर्मनांच्या हाती सापडले. पळून जाण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसरा, १९४३ मध्ये, यशस्वी झाला.

४/
युद्धात ते मारले गेले असावेत अशा समजुतीने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे ‘मरणोत्तर’ प्रदर्शन योजले होते. ते १९४७ मध्ये भरले, तेव्हा चित्रकार स्वतः हजर होता! त्याच वर्षी रॉबर्ट कॅपा, डेव्हिड सीमोर आणि जॉर्ज रॉजर यांच्यासह त्यांनी ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभी केली. या संस्थेचे एक तत्त्व आपल्या गोष्टीसाठी कळीचे आहे : छायाचित्राचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, मासिकाकडे जाणार नाही, तो छायाचित्रकाराकडेच राहील.

५/
हे तत्त्व इतके महत्त्वाचे का? त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांत छायाचित्रकार फिल्मचे रोळ पाठवून देई आणि तिथून पुढे त्याचा अधिकार जवळजवळ संपे. कोणते चित्र घ्यायचे, ते कुठून कातरायचे, केवढे छापायचे, खाली काय लिहायचे, हे संपादक आणि मांडणीकार ठरवीत. आठवडा उलटला की अंक रद्दीत. चित्राचा हक्क मासिकाकडे असेल, तर ते चित्र पुन्हा कसे आणि कुठे दिसावे याबद्दल छायाचित्रकाराला काही बोलता येत नसे. हक्क त्याच्याकडे राहिला, तरच वीस वर्षांचे काम गोळा करून तो स्वतःचे पुस्तक काढू शकतो.

६/
असे पुस्तक काढायची जिद्द धरणारा प्रकाशक होता तेरियाद. मूळचा ग्रीक, लेस्बॉस बेटावरचा. तरुणपणी पॅरिसला आला आणि तिथलाच झाला. १९३७ पासून तो ‘व्हर्व्ह’ हे कलाविषयक नियतकालिक काढत होता. आँरी मातिस यांचे ‘जॅझ’ हे गाजलेले चित्रपुस्तक १९४७ मध्ये त्यानेच छापले. म्हणजे हा वृत्तपत्रसृष्टीतला माणूस नव्हता. चित्रकारांची पुस्तके ज्या निगुतीने करायची, त्याच निगुतीने त्याने एका वृत्तछायाचित्रकाराचे पुस्तक करायला घेतले. अमेरिकेतली आवृत्ती सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने काढली.

७/
आता पुस्तक हातात घेऊ. पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे आकार. पान सुमारे ३७ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर रुंद. मांडीवर नीट मावणार नाही एवढे. हा भपका वाटेल, पण जरा गणित करून पाहा. लायकाची निगेटिव्ह २४ × ३६ मिलिमीटरची, म्हणजे २:३ या प्रमाणातली. पुस्तक उघडले की समोरासमोरची दोन पाने मिळून ३७ × ५४ सेंटिमीटरचा पट होतो. हे प्रमाणही जवळजवळ २:३ च आहे!

८/
याचा अर्थ, एखादे आडवे चित्र काही न कापता दोन्ही पानांवर पसरता येते. एकाच पानावर आडवे चित्र छापले, तर २७ सेंटिमीटर रुंदीला ते १८ सेंटिमीटर उंच होते. अशी दोन चित्रे एकाखाली एक ठेवली की ३६ सेंटिमीटर, म्हणजे पान भरले. उभे चित्र पानाची पूर्ण उंची घेते आणि बाजूला थोडीच कोरी जागा सोडते. साप्ताहिकात चित्र पानाच्या सोयीने कातरले जाई. इथे पानाचे माप चित्राच्या प्रमाणाशी जुळलेले आहे.

९/
कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासाठी हा तत्त्वाचा प्रश्न होता. कॅमेऱ्याची कळ दाबली त्या क्षणी चौकट ठरली. नंतर ती कातरणे म्हणजे रचना मोडणे, असे ते मानत. त्यांच्या प्रसिद्ध कामात याला अपवाद अगदी मोजके. गंमत अशी की त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र या अपवादांतच मोडते. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२. फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून ते टिपले होते आणि कडेला आलेला फळीचा भाग छापताना वगळावा लागला. हेही चित्र या पुस्तकात आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१०/
पुढची गोष्ट छपाईची. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले तर बारीक ठिपके दिसतात. राखाडी छटा हा त्या ठिपक्यांनी साधलेला दृष्टिभ्रम असतो. या पुस्तकासाठी पॅरिसच्या द्रेजे मुद्रणालयात हेलिओग्राव्ह्युर पद्धत वापरली गेली. हिच्यात तांब्याच्या पृष्ठभागावर कमीअधिक खोलीचे खळगे कोरले जातात. खोल खळग्यात शाई जास्त, तिथे काळा रंग गडद. उथळ खळग्यात शाई कमी, तिथे फिकी छटा. त्यामुळे मखमलीसारखे काळे आणि हळुवार राखाडी रंग कागदावर उतरतात. साप्ताहिकात आठवडाभर जगणाऱ्या चित्राला इथे चित्रकाराच्या मुद्राचित्राचा दर्जा मिळाला.

११/
मुखपृष्ठावर छायाचित्र नाहीच! तिथे मातिस यांनी रंगीत कागद कातरून केलेली रचना आहे. आजारपणानंतर बिछान्याला आणि चाकाच्या खुर्चीला खिळलेले मातिस त्या काळात कात्रीनेच चित्रे काढत होते. कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४४ मध्ये त्यांची छायाचित्रे घेतली होती, त्यामुळे ओळख जुनी होती. पण मुखपृष्ठ काय सांगते ते पाहा. दुकानात हे पुस्तक पाहणाऱ्याला पहिला संकेत मिळतो तो कलेचा : हे मातिसच्या शेजारी ठेवायचे पुस्तक आहे. आतला माणूस मासिकांसाठी बातमीची चित्रे काढणारा आहे, हे नंतर कळते.

१२/
आता नाव. फ्रेंच नाव होते ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ हा शब्दप्रयोग फ्रेंचमध्ये परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी वापरतात. पोलीस दिसला की पळायच्या तयारीत असलेला विक्रेता! आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. दादर स्थानकाबाहेर महापालिकेची गाडी येताच चादरीची चार टोके उचलून मालासकट नाहीसा होणारा फेरीवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव लगेच कळेल. ‘घाईघाईत, नजर चुकवून उचललेली चित्रे’ असा त्याचा भाव. त्यात थोडी लबाडी आहे, थोडा विनोद आहे आणि पकडले जाण्याची धास्तीही आहे.

१३/
अमेरिकन आवृत्तीचे नाव मात्र ‘द डिसायसिव्ह मोमेंट’, म्हणजे निर्णायक क्षण. प्रस्तावनेच्या आरंभी कार्तिए-ब्रेसाँ यांनी सतराव्या शतकातल्या कार्दिनाल द रेत्झ यांचे एक वाक्य दिले होते. त्यातला हा शब्दप्रयोग उचलून पुस्तकाला चिकटवण्यात आला. पुस्तक एकच, पण दोन भाषांत दोन वेगळे छायाचित्रकार उभे राहिले. फ्रेंच नावातला फेरीवाल्यासारखा चोरपावलांनी वावरणारा. इंग्रजी नावातला अचूक क्षणावर झडप घालणारा जणू सेनापती! पुढे जगभर इंग्रजी नावच गाजले आणि छायाचित्रणाच्या वर्गांत आजही तेच शिकवले जाते.

१४/
आतली मांडणी दोन भागांत आहे. एकूण १२६ छायाचित्रे. पहिला भाग १९३२ ते १९४७, त्यात मुख्यतः युरोप आणि अमेरिका खंड. दुसरा भाग १९४७ ते १९५२, त्यात प्रामुख्याने आशिया. पुस्तकाला ही शिवण १९४७ ला पडली, कारण त्या वर्षी मॅग्नम सुरू झाली आणि कार्तिए-ब्रेसाँ पूर्वेकडे निघाले. आपण भारतीय वाचक मात्र ‘१९४७’ हा आकडा पाहून वेगळेच काही वाचतो. एका माणसाच्या कारकिर्दीचा टप्पा आणि एका उपखंडाची फाळणी एकाच आकड्यात बसली आहे, आणि पुस्तकाची रचना त्यातली पहिलीच गोष्ट सांगते.

१५/
आता माझ्या चुकीच्या मुळाशी येतो. या पुस्तकात चित्राखाली चित्रओळ, म्हणजे कॅप्शन, नाही. चित्रओळी चित्रांपासून दूर, एकत्र दिल्या आहेत; अमेरिकन आवृत्तीत तर त्या वेगळ्या सुट्या पुस्तिकेत होत्या. सुटी पुस्तिका म्हटले की ती हरवणे आलेच. मांडणीमागचा विचार स्पष्ट आहे. वाचकाने आधी पाहावे, नंतर वाचावे. चित्र स्वतःच्या बळावर उभे राहावे. चित्राखाली मजकूर असला की आपली नजर आधी मजकुराकडे जाते आणि चित्र त्या मजकुराचा पुरावा होऊन बसते, हे खरेच आहे.

१६/
या मांडणीने साधलेली गोष्ट मोठी होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तोवर वृत्तछायाचित्रकार हा पुष्कळदा संपादकाच्या हाताखालचा कारागीर मानला जाई. या पुस्तकाने त्याला लेखकासारखे स्थान दिले. प्रस्तावनेत कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रमालिका, विषय, रचना, रंग, तंत्र यांवर लिहिले आणि मासिके म्हणजे आपले ग्राहक, यावरही स्वतंत्र टिपण केले. छायाचित्रकार आपल्या कामाविषयी आपल्याच शब्दांत बोलत होता. रॉबर्ट कॅपा यांनी या पुस्तकाला छायाचित्रकारांचे बायबल म्हटल्याचे सांगतात, त्यात नवल नाही.

१७/
पण गमावले काय? सँ-लाझारमागे पाण्यावरून उडी मारणारा माणूस आठवा. आता कुरुक्षेत्रच्या मैदानात अंग झोकून देणारी माणसे आठवा. नावे, गावे, तारखा बाजूला काढून दोन्ही चित्रे एकाच मखमली काळ्या शाईत, एकाच भव्य कागदावर पाहिली, तर दोन्हींत एकच गोष्ट दिसू लागते : हवेत थबकलेली शरीरे आणि रेषांचे सुंदर संतुलन. पॅरिसच्या त्या अनामिक माणसाची उडी तेवढीच आहे. तिच्यामागची कहाणी कळली नाही तरी फारसे बिघडत नाही. कुरुक्षेत्रात मात्र कहाणी हरवली की चित्राचा अर्थच उलटतो. माझ्या पडद्यावर तो उलटलाच होता.

१८/
चित्राचे पुस्तक समोर असताना माणूस त्यात काय वाचतो, याची एक विलक्षण आठवण भारताशीच जोडलेली आहे. १९४७ च्या उत्तरार्धात कार्तिए-ब्रेसाँ पत्नी रत्ना मोहिनी यांच्यासह भारतात आले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचे अखेरचे उपोषण १८ तारखेला सुटले. ३० जानेवारीच्या दुपारी कार्तिए-ब्रेसाँ बिर्ला भवनात त्यांना भेटले आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचे पुस्तक त्यांना दाखवले. पाने उलटताना गांधीजी एका चित्रापाशी थांबले : कवी पॉल क्लोदेल आणि मागे शववाहक गाडी. याचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले आणि मृत्यूविषयी काही उद्गार काढले. त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली.

१९/
इतिहासाची विद्यार्थी म्हणून एक खबरदारी : ही आठवण आपल्यापर्यंत पोहोचली ती छायाचित्रकाराच्या सांगण्यातून. साक्षीदार तोच आणि निवेदकही तोच. तरीही एवढे निश्चित की हत्येनंतरच्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेची कार्तिए-ब्रेसाँ यांनी घेतलेली चित्रे ‘लाइफ’ साप्ताहिकातून जगभर गेली. तिथे ती बातमी होती; शेजारी मजकूर होता, तारीख होती. असेच बातमीचे काम पुस्तकात आले की ‘कार्तिए-ब्रेसाँची चित्रे’ होते. विषयाच्या जागी कर्ता येतो. दोन्ही पाने खरी, पण एकच निगेटिव्ह दोन ठिकाणी दोन वेगळी विधाने करते.

२०/
हा प्रश्न फक्त पॅरिसचा नव्हता. तीन वर्षे आधी, १९४९ मध्ये, कोलकात्याच्या सिग्नेट प्रेसने सुनील जाना यांचे ‘द सेकंड क्रीचर’ हे छायाचित्रांचे पुस्तक काढले. जाना हे कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकाचे छायाचित्रकार. पक्षाचे मुख्य कार्यालय तेव्हा मुंबईत होते आणि त्याच पत्राची मराठी भावंड म्हणजे ‘लोकयुद्ध’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची चित्रे आधी अशा पक्षपत्रांतून, मदतीच्या आवाहनासह लोकांपुढे आली. स्वतःच्या नावाचे पुस्तक त्यांच्याही वाट्याला नंतर आले.

२१/
‘द सेकंड क्रीचर’ची मांडणी कुणी केली, ठाऊक आहे? सत्यजित राय यांनी. ‘पथेर पांचाली’ अजून दूर होता. तेव्हा ते सिग्नेटसाठी पुस्तकांची सजावट करत. आणि पुढे १९८७ मध्ये ‘आँरी कार्तिए-ब्रेसाँ इन इंडिया’ हे पुस्तक निघाले, त्याचे प्रास्ताविकही राय यांनीच लिहिले. म्हणजे छायाचित्राला पान कसे द्यावे हा विचार आपल्याकडेही त्याच काळात, तितक्याच गांभीर्याने सुरू होता. छायाचित्रणाच्या जागतिक इतिहासात १९५२ चे पुस्तक ठळक अक्षरांत येते आणि १९४९ चे क्वचितच, याची खंत मात्र वाटते.

२२/
१९५२ च्या पुस्तकाची हुबेहूब आवृत्ती जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनाने २०१४ मध्ये काढली. त्याआधीच्या सहा दशकांत मूळ प्रत संग्राहकांच्या कपाटात आणि मोठ्या ग्रंथालयांतच सापडे. म्हणून झाले असे की पुस्तकाचे इंग्रजी नाव जगभर फिरले, त्यातली चित्रे एकेकटी फिरली, पण त्यांना एकत्र बांधणारी मांडणी फार थोड्यांनी पाहिली. आज आपल्या मोबाइलवर येणारे प्रत्येक जुने छायाचित्र असेच पानापासून सुटून आलेले असते.

२३/
म्हणून जुने छायाचित्र पुढे पाठवण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. ते पहिल्यांदा कुठे छापले गेले : वर्तमानपत्रात, पक्षपत्रात, सरकारी अहवालात की कलापुस्तकात? त्याची चौकट मूळची आहे की कुणी कातरली आहे? चित्रओळ कुणी लिहिली, आणि ती चित्राबरोबर आहे का? शेजारच्या पानावर काय होते? लिखित कागदपत्र तपासताना आपण लेखक, तारीख आणि हेतू विचारतोच. छायाचित्रालाही तीच शिस्त लावायची आहे. फक्त त्याचे उत्तर पुष्कळदा पानाच्या मांडणीत दडलेले असते.

२४/
मी माझे सादरीकरण दुरुस्त केले. ‘स्वातंत्र्याचा आनंद’ हा मथळा काढला. चित्र तेच ठेवले, न कातरता. खाली एक ओळ लिहिली : कुरुक्षेत्र निर्वासित छावणी, १९४७, छाया : आँरी कार्तिए-ब्रेसाँ. पुन्हा सादर केले तेव्हा वर्गात कुणी काही विचारले नाही. सगळे बराच वेळ त्या माणसांच्या हातांकडे पाहत राहिले.

तुमच्या घरी जुन्या सचित्र साप्ताहिकांचे अंक असतील, तर त्यातली चित्रे कापून ठेवू नका. पूर्ण पान ठेवा.

(२४/२४, समाप्त)